पाचशे चाळीस पुडे

दोन वह्या होत्या. एक ठेकेदाराच्या मुन्शीची, जाड पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली. दुसरी ग्रामसभेची, शाळकरी दोनशे पानी. वर लाल शाईत ‘तेंदूपत्ता, फळी क्र. २’. मे महिना संपत आला होता. गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यातल्या एका गावात मोहाच्या सावलीत सतरंजी टाकून मी बसले होते आणि माझ्याभोवती निम्मं गाव. मुन्शीच्या वहीत हंगामाची बेरीज ६१,४३० पुडे. ग्रामसभेच्या वहीत ६१,९७०. फरक ५४० पुड्यांचा.

आपल्याकडे एका पुड्यात ७० पानं असतात आणि हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी होते. बाई पहाटे अंधारातच जंगलात जाते, ऊन चढायच्या आत भारा घेऊन परतते, मग घरातली सगळी जणं ओसरीवर बसून पानाला पान लावून पुडे बांधतात. संध्याकाळी ते फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या जागी, न्यायचे. तिथं मोजणी होते, नोंद होते आणि पुडे उन्हात रांगेनं मांडले जातात. त्या गावात मजुरी ठरली होती शेकडा ४५० रुपये. म्हणजे ५४० पुड्यांचे २,४३० रुपये. शहरात बसून ही रक्कम किरकोळ वाटेल. इथं ती कुणाच्या तरी सहा पहाटा असते.

आवाज चढू लागले होते. मुन्शी खाली मान घालून बसला होता आणि ग्रामसभेची वही लिहिणारी पोरगी रडवेली झाली होती. तिला वाटत होतं, चूक आपलीच. मी दहा मिनिटं मागितली. ५४० ला ९ नं भाग जातो. फरकाला नवानं भाग गेला, तर बहुतेक वेळा कुठंतरी दोन अंकांची अदलाबदल झालेली असते, हे सीएच्या उमेदवारीतल्या, म्हणजे आर्टिकलशिपमधल्या, पहिल्याच महिन्यात एका म्हाताऱ्या लेखापालांनी मला शिकवलं होतं. कॅल्क्युलेटरला हात न लावता ते असा फरक पकडायचे. मी दोन्ही वह्यांच्या रोजच्या बेरजाच तेवढ्या शेजारी शेजारी धरत गेले. १७ मे. ग्रामसभेच्या वहीत ७१०, मुन्शीच्या वहीत १७०. वरची नावं एकेक करून वाचली, तर मुन्शीच्या स्वतःच्या नोंदींचीही बेरीज ७१० च येत होती. खाली उतरवताना सात आणि एक यांनी जागा बदलल्या होत्या.

मुन्शीनं ती १७० खोडायला पेन उचलला, तेव्हा मी त्याचा हात धरला. गिरवायचं नाही. एकच आडवी रेघ मारा, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा लिहा, बाजूला सही, सहीखाली तारीख. त्यानं तसं केलं. मग ग्रामसभेच्या दोघांनी साक्षीच्या सह्या केल्या. त्या पोरीनं डोळे पुसले आणि लगेच विचारलं, “नऊच कायले जी, मॅडम?”

तिच्या वहीच्या मागच्या पानावर मी तिला ते सोडवून दाखवलं. शतक आणि दशक उलटे झाले, तर फरक नेहमी नव्वदाच्या पटीत येतो. सातातून एक गेला सहा, नव्वद सक पाचशे चाळीस. तिचा चेहरा उजळला. मला माझे पुण्यातले दिवस आठवले.

मी चंद्रपूरची. बाबा कोळसा खाणीच्या टाइम ऑफिसात हजेरी लिहायचे. २०११ साली मी कॉम्प्युटर इंजिनिअर झाले आणि आमच्या भागातली सगळी मुलं जातात तशी पुण्याला गेले. चार वर्षं बिलिंगचं सॉफ्टवेअर तपासायचं काम केलं. पगार चांगला होता, सोबतची माणसं चांगली होती. पण पडद्यावर ‘डेबिट नोट’ नावाची एक चौकट होती आणि ती चौकट कशासाठी आहे, हे आमच्या टीममध्ये कुणालाच धड सांगता येत नव्हतं. तिच्यात आकडा घातल्यावर पुढचा आकडा बरोबर निघतो की नाही, एवढंच आम्ही पाहायचो. एकदा आमच्या एका चुकीमुळं परदेशातल्या एका ग्राहकाला तीन महिने चुकीची बिलं गेली. चूक सापडली, दुरुस्त झाली, पुढची आवृत्ती निघाली. त्या चुकीखाली कुणाचंच नाव नव्हतं, माझंही नव्हतं, आणि तो भाग मीच तपासलेला होता. त्या रात्री मला झोप लागली नाही. आकड्याखाली सही करणाऱ्या माणसाचं काम काय असतं, ते मला त्या रात्रीपासून शिकावंसं वाटू लागलं.

सनदी लेखापाल व्हायचं तर बारावीनंतर लगेच सुरुवात केली पाहिजे, अशी एक समजूत घराघरात घट्ट आहे. ती खरी नाही. २०१२ पासून पदवीधरांना थेट मधल्या पायरीवर, म्हणजे इंटरमिजिएटला प्रवेश मिळतो. वाणिज्य शाखेच्या पदवीधराला ५५ टक्के गुण लागतात, इतर शाखांना ६० टक्के. मला ६६ होते. माझ्या वेळी नऊ महिने आर्टिकलशिप करून मग इंटरमिजिएटला बसता येई आणि आर्टिकलशिप तीन वर्षांची होती. २०२३ च्या नव्या योजनेत ती दोन वर्षांची झाली, इंटरमिजिएट आणि फायनल दोन्हीचे विषय आठावरून सहावर आले, आणि परीक्षाही वर्षातून दोनऐवजी तीनदा होऊ लागल्या. उत्तीर्ण व्हायची अट मात्र तीच: प्रत्येक विषयात ४० आणि गटात एकूण ५० टक्के.

ही दुसरी अट ज्यानं भोगली, त्यालाच कळते. फायनलच्या पहिल्या गटात मला चारही विषयांत चाळिसाच्या वर गुण होते. बेरीज १९३. लागत होते २००. कुठल्याच विषयात नापास नाही आणि तरीही नापास. वय एकोणतीस. सोबतच्या मैत्रिणी पुण्यात फ्लॅटचे हप्ते भरत होत्या आणि मी नागपुरात एका खोलीत तिघींसोबत राहत होते. आर्टिकलशिपचं महिन्याचं विद्यावेतन माझ्या पुण्यातल्या एका दिवसाच्या पगाराएवढं होतं. आईनं फोनवर एवढंच विचारलं, “जेवलीस का?” बाबा काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी खात्यात पाच हजार जमा झाले होते.

कॉम्प्युटर सोडून हिशेबात यायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांना मी हे मुद्दाम सांगते. पगार आधी खाली येतो, आणि बराच काळ खालीच राहतो. आपल्यापेक्षा आठ वर्षांनी लहान मुलं आपल्याला व्हाउचर लावायला शिकवतात. ते सोसायची तयारी असेल, तर मागं शिकलेलं काहीच वाया जात नाही. जुन्या अभ्यासक्रमात फायनलला माहितीप्रणालीचं नियंत्रण आणि लेखापरीक्षण असा एक अख्खा विषय होता. वाणिज्यातून आलेली मुलं त्याला घाबरायची. मला तो घरचा वाटायचा. सनद मिळाल्यावर सनदी लेखापालांच्या संस्थेचा माहितीप्रणाली लेखापरीक्षणाचा वेगळा अभ्यासक्रमही करता येतो. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची न पुसता येणारी नोंद राहिली पाहिजे, असा नियम झाला आहे. कुणी, कधी, कोणता आकडा बदलला, याची नोंद. मुन्शीच्या वहीतली ती आडवी रेघ, बाजूची सही आणि तारीख हेच काम करते.

माझी आर्टिकलशिप चालू असतानाच नोटाबंदी आली आणि पुढच्या जुलैत जीएसटी. नागपूरच्या ऑफिसात आम्ही रात्री अकरापर्यंत बसायचो. तिथंच एक दिवस गडचिरोलीहून चार माणसं आली. दोघांच्या पायात स्लिपर, एकाच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. ती एका ग्रामसभेची माणसं होती. त्यांच्या खात्यात तेंदूपत्त्याचे काही लाख रुपये आले होते आणि बँकेनं विचारलं होतं: पॅन कुणाचं, विवरणपत्र भरलं का, हे उत्पन्न कुणाचं? आमच्या ऑफिसात या प्रश्नाचं उत्तर कुणालाच येत नव्हतं. सर मला म्हणाले, “तू चंद्रपूरची ना? बघ जरा.”

चंद्रपूरची असूनही मला काय माहीत होतं? २७ एप्रिल २०११ ला माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर होती. त्या दिवशी धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावात केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण आले होते आणि बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं गेलं होतं. पेपरात फोटो होता. मी पान उलटलं होतं.

आता मागं वळून वाचत गेले. २००६ चा वनहक्क कायदा. त्याखाली २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर मिळालेला सामूहिक हक्क, देशातल्या अगदी पहिल्या हक्कांपैकी. गडचिरोली-चंद्रपूरचा बांबू पूर्वी कागद कारखान्याला भाडेपट्ट्यानं जायचा आणि गावाच्या वाट्याला फक्त तोडाईची मजुरी यायची. मेंढ्याच्या या कामातली देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं इथं सगळ्यांना ठाऊक आहेत. मोहनभाऊ आमच्या चंद्रपूरचेच. २०२५ च्या जानेवारीत ते गेले. दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही त्या गावाची घोषणा महाराष्ट्रभर गाजली. मला मात्र त्या गोष्टीतलं एक साधं कलम जास्त मोलाचं वाटतं. कायद्यानं हक्क मिळायच्या कितीतरी आधीपासून मेंढ्याचे लोक आपल्या मजुरीतला दहावा हिस्सा ग्रामकोषात टाकत होते, आणि तो पैसा बँकेत ठेवून त्याचा हिशेब सभेत मांडत होते. अभ्यासगटात बसून कायदे वाचत होते आणि निर्णय सर्वांच्या सहमतीनं घेत होते. २०११ ला परवान्यांचं पुस्तक आलं, तेव्हा हिशेबाची सवय आधीच मुरलेली होती. पुढच्याच वर्षी, २०१२ मध्ये, नियम बदलले आणि वाहतूक परवाना देण्याचा अधिकार देशभरच्या ग्रामसभांच्या समित्यांना मिळाला. आज एकट्या गडचिरोली जिल्ह्यात तेराशेहून अधिक सामूहिक दावे मान्य झालेले आहेत. मुरलेली सवय मात्र सगळीकडे नाही. कशी असेल? हक्काचा कागद एका दिवसात हाती येतो, कीर्द-खतावणी लिहायला वर्षं लागतात.

आणि त्या चार माणसांच्या प्रश्नात खरंच मेख होती. पंचायतीचं उत्पन्न करमुक्त होतं, कारण तेव्हा लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १०(२०) मध्ये स्थानिक प्राधिकरणाची व्याख्या करताना संविधानाच्या अनुच्छेद २४३ च्या ‘घ’ खंडातल्या पंचायतीचं नाव घेतलं होतं. ग्रामसभेची व्याख्या त्याच अनुच्छेदात आहे, पण ‘ख’ खंडात. त्या खंडाचा उल्लेख कर कायद्यात नव्हता. अनुसूचित जमातीच्या व्यक्तींना सूट देणारं कलम १०(२६) होतं, पण ते ईशान्येकडच्या काही राज्यांना आणि भागांना, तसंच लडाखला लागू होतं. पाचव्या अनुसूचीतल्या गडचिरोलीला ते लागू नव्हतं. म्हणजे जी संस्था संविधानात आहे, जिला जंगलाचा मालकीसारखा हक्क आहे, ती कराच्या फॉर्मवर कोणत्या रकान्यात बसते, हेच उघड नव्हतं. शिवाय खात्यात आलेल्या रकमेतला मोठा भाग मजुरीचा, तो आठवड्याभरात घरोघरी वाटून टाकलेला. तो ग्रामसभेचं उत्पन्न कसा? पण हे सिद्ध करायला वाटपाचा कागद हवा: नाव, पुडे, दर, रक्कम, सही किंवा अंगठा. ज्या गावानं तो ठेवला, त्या गावाची बाजू मांडता येते. ज्यानं नाही ठेवला, तिथं सगळी रक्कम उत्पन्न म्हणून समोर उभी राहते.

त्या चौघांच्या पिशवीत तो कागद होता. चुरगळलेला, तेलाचे डाग पडलेला, पण होता. त्या कागदानं माझं पुढचं आयुष्य ठरवलं, असं मी म्हणते तेव्हा त्यात अतिशयोक्ती नाही. २०१९ मध्ये सनद मिळाली आणि मी चंद्रपूरला परत आले.

तेव्हापासून वर्षातले साताठ महिने माझे रस्त्यावर जातात. चामोर्शी, आष्टी, आलापल्ली, तिथून एटापल्ली नाहीतर भामरागड. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद आणि माझ्या तारखाही बंद. सगळा हिशेब लॅपटॉपवर होतो, पण विवरणपत्राच्या पडताळणीचा ओटीपी अध्यक्षांच्या मोबाइलवर येतो आणि गावात रेंज नसते. मग अध्यक्ष मोटरसायकलवर रेंज मिळते त्या वळणावर जाऊन उभे राहतात, मी तालुक्याच्या गावी मशिनसमोर, आणि ओटीपी काही मिनिटांत बाद होतो म्हणून दोघंही घड्याळाकडे बघत बसतो. पुण्यात मी लिहिलेल्या चाचण्यांमध्ये असं वळण कधी आलं नव्हतं.

चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव आहे. त्यांना २०१२ मध्ये सुमारे एक हजार हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला. ते बांबू विकतात, आणि तेंदूपत्ता तोडायचा नाही असं त्यांनी ठरवलं. कारण पानं चांगली फुटावीत म्हणून झाडं छाटली जातात, आगी लावल्या जातात आणि तेंदूची फळं, म्हणजे टेंभरं, जातात. लेखापाल म्हणून मी या निर्णयाकडे फार आदरानं पाहते. सोडून दिलेल्या पैशाची नोंद कोणत्याच ताळेबंदात होत नाही, राखलेल्या टेंभरांचीही होत नाही. आमच्या विद्येची ही मर्यादा आहे आणि ती मनात ठेवूनच मी पाचगावच्या बाजूनं जाते.

ज्या सभेची मला सगळ्यात जास्त आठवण येते, ती मात्र वेगळ्याच गावची. वर्षाचा जमाखर्च वाचून दाखवायचा होता. मी मराठीत एक ओळ वाचायची, एक तरुण ती माडियात सांगायचा. जमा, मजुरी वाटप, फळीचं भाडं, बोरवेल दुरुस्ती. मग ‘बँक शुल्क, ११८ रुपये’. मी पुढं जाऊ लागले तेवढ्यात मागच्या रांगेतून एक म्हातारी उठली. तिनं माडियात काही विचारलं. तरुण म्हणाला, “मॅडम, आजी म्हणते, बँकेनं आपले पैसे ठेवले, वर आपल्याच पासून घेतले, ते कशाचे?”

मी सांगितलं, शंभर रुपये बँकेचे आणि त्यावर अठरा रुपये सरकारचा जीएसटी. आजीनं पुन्हा विचारलं: मग पत्त्यावर पण सरकार घेते, तो पण अठराच ना? तिचं बरोबर होतं. तेंदूपत्त्यावरही तेव्हा १८ टक्केच होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ते ५ झाले. कर ठेकेदार भरतो असं कागदावर दिसतं, पण तो बोली लावताना तेवढं धरूनच लावतो, हे मी समजावून सांगितलं. सभेत बराच वेळ चर्चा झाली, मला त्यातलं थोडंच कळलं. शेवटी ठरलं की चेकबुक जपून वापरायचं आणि ‘बँक शुल्क’ हे खातं दर महिन्याला वेगळं वाचायचं. चाळीस लाखांच्या उलाढालीत ११८ रुपयांवर पाऊण तास. मोठमोठ्या कंपन्यांच्या वार्षिक सभा मी आर्टिकलशिपमध्ये पाहिल्या आहेत. चहा-बिस्किटांत वीस मिनिटांत आटोपतात. मला माझ्या सहीची भीती आणि अभिमान त्या दिवसाइतका कधीच वाटला नाही. आता प्रत्येक सहीबरोबर अठरा अंकी क्रमांक टाकावा लागतो, कुणालाही तो ऑनलाइन तपासता येतो. पण त्या आजीनं तपासलं ते त्या क्रमांकानं तपासता आलं नसतं.

एका माणसानं हे काम पुरं होणारं नाही. नागपूरहून लेखापाल भामरागडला यायला तयार नसतो, आणि आला तर त्याची फी गावाला परवडत नाही. माणसं इथलीच तयार व्हायला हवीत. सगळ्यांनी सीए व्हावं, असंही नाही. आपल्या राज्याच्या सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. नावाची पदविका आहे. सहा विषय, पेपर मराठीत लिहिता येतात, कुठल्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो. ती पदविका आणि लेखापरीक्षणाचा पुरेसा अनुभव असला, की १९६० च्या सहकार कायद्याप्रमाणे प्रमाणित लेखापरीक्षक होता येतं. त्या कायद्यात लेखापरीक्षकाला मराठीचं ज्ञान असावं अशीही अट आहे, आणि ती मला फार शहाणपणाची वाटते. आमच्या दोन जिल्ह्यांत पतसंस्था आहेत, सेवा सहकारी संस्था आहेत, जंगल कामगार संस्था आहेत. त्यांचं काम या माणसांना मिळू शकतं आणि जोडीला ग्रामसभांच्या वह्या लिहिता येतात. मी भेटेल त्या कॉम्प्युटर शिकलेल्या पोराला हे सांगते. तालुक्याच्या सेवा केंद्रात सातबारा काढून देत बसलेली कितीतरी हुशार मुलं आहेत.

फळी क्रमांक दोनची वही लिहिणारी पोरगी दसऱ्यानंतर चंद्रपूरला माझ्याकडे आली. पहाटेच्या एसटीनं निघून दुपारी पोचली. बीसीसीए झालेली, म्हणजे वाणिज्य शाखेत कॉम्प्युटर. सोबत गुणपत्रिका, तीही प्लास्टिकच्या पिशवीत. तिनं कुठंतरी वाचलं होतं की ६० टक्के लागतात. तिला ५७.८ होते, आणि ती विचारायला आली होती की आता काय करायचं.

मी तिला बसवलं, आधी पाणी दिलं. मग सांगितलं की ६० इतर शाखांना, वाणिज्याला ५५. पण आणखी एक अट आहे, शंभर गुणांचे निदान तीन विषय हिशेब, लेखापरीक्षण, कायदा, अर्थशास्त्र, कॉस्टिंग असल्या यादीतले असले पाहिजेत. तिनं सहाही सत्रांच्या गुणपत्रिका टेबलावर ओळीनं मांडल्या, फळीवर पुडे मांडतात तशा, आणि पेन काढून एकेका विषयाखाली बोट ठेवत मोजू लागली. फायनान्शियल अकाउंटिंग, एक.